ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहासग्रंथ : एका वाचकाचे स्पष्ट मत

मराठी माणसाच्या घरात पुस्तके थोडी असली तरी त्यांत एखादी ऐतिहासिक कादंबरी बहुधा असतेच. धर्मग्रामाच्या लहानशा वाचनालयाचे कपाट उघडले तरी हेच दिसते. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पानिपत' यांच्या प्रतींची बांधणी दोन-दोनदा करून घ्यावी लागते. शेजारच्या फळीवरील 'मराठी रियासती'चे खंड मात्र आणले त्या दिवशी होते तसेच ताठ उभे असतात. या दोन फळ्यांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी इतिहाससंशोधक नाही आणि समीक्षकही नाही. शाळकरी वयापासून दोन्ही फळ्यांवरील पुस्तके आवडीने वाचत आलेला एक वाचक आहे. त्या वाचनातून जी मते बनली ती येथे आडपडदा न ठेवता मांडतो. काही वाचकांना ती रुचणार नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या पुस्तकांनी आपल्याला घडवले त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलणे हाही कृतज्ञतेचाच एक प्रकार आहे.

दोन समांतर प्रवाह

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यामागून हरिभाऊ आपटे आले आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच 'उषःकाला'ने मराठी वाचकाला शिवकालाचे वेड लावले. नाथमाधवांनी ते वेड घरोघरी नेले. याच सुमारास दुसरा प्रवाहही वाहू लागला होता. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. जुन्या वाड्यांतील माळ्यांवर, पेटाऱ्यांत, रुमालांत बांधलेले कागद वाळवीच्या तोंडून सोडवीत हा माणूस गावोगाव पायपीट करीत राहिला. त्या मालेचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेज्वीट संशोधकाने १९२६ साली इतिहाससंशोधन संस्था उभी केली. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

म्हणजे कादंबरी आणि संशोधन ही मराठीत जवळजवळ जुळी भावंडे आहेत. दोघांच्या जन्मामागची प्रेरणाही एकच होती. पारतंत्र्यात असलेल्या समाजाला आपण कोण होतो हे जाणून घ्यायचे होते. परंतु या भावंडांच्या वाट्याला आलेले प्रेम सारखे नाही. एकाला समाजाने कडेवर घेतले आणि दुसऱ्याला दुरून नमस्कार केला. त्याचा परिणाम असा झाला की इतिहास म्हणून आपल्या स्मरणात जे राहते, ते पुष्कळदा कादंबरीकाराने लिहिलेले असते.

एका वाक्याची कथा

याचे सर्वांना परिचित असे उदाहरण घेऊ. कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले, तेव्हा शिवाजी महाराजांनी सिंह गमावल्याचे दुःख व्यक्त केले आणि त्यावरून किल्ल्याचे नाव सिंहगड पडले, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. 'गड आला पण सिंह गेला' हे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव. ही घटना फेब्रुवारी १६७० मधील. परंतु सिंहगड हे नाव १६६३ च्या शिवकालीन पत्रात आढळते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे तानाजींच्या मृत्यूपूर्वी सात वर्षे ते नाव रूढ होते.

मग महाराज काहीच बोलले नाहीत काय? राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद म्हणतो की महाराजांना वाटले, एक गड हाती आला आणि एक गड हातचा गेला. येथे सिंहाची उपमा नाही. येथे तानाजी हाच एक गड आहे. ज्या राजाने आयुष्यभर किल्ले बांधले, जिंकले आणि जपले, त्याच्या तोंडी आपल्या माणसाला गड म्हणणे किती शोभते! माझे स्पष्ट मत असे आहे की सभासदाची ही साधी उपमा सिंहाच्या उपमेपेक्षा अधिक खोल आहे. तरीही ती कोणाला माहीत नाही. कादंबरीच्या कमलकुमारीने, पोवाड्यातील घोरपडीने आणि शीर्षकातील सिंहाने तिला झाकून टाकले आहे.

हरिभाऊंचा यात दोष आहे, असे मी म्हणणार नाही. त्यांनी कादंबरी लिहिली आणि ती कादंबरी म्हणूनच लिहिली. दोष आपला आहे. कादंबरीचे नाव आपण इतिहासाच्या वहीत उतरवून घेतले आणि मूळ कागद कधी उघडून पाहिला नाही.

'स्वामी'चे सौंदर्य आणि त्याची किंमत

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या दुसऱ्या बहराचा प्रारंभ या पुस्तकापासून झाला. तिची भाषा रेशमी आहे. थोरल्या माधवरावांविषयी मराठी मनात आज जी माया आहे ती मुख्यतः या कादंबरीची देणगी होय.

परंतु माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की सोळाव्या वर्षी पानिपतानंतरचे मोडके राज्य हाती घेणारा, चुलत्याच्या बंडाला तोंड देणारा, १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाला नमविणारा आणि हैदरावर मोहिमांमागून मोहिमा काढणारा हा कठोर, कामसू, प्रसंगी अत्यंत संतापी प्रशासक कादंबरीत पुष्कळसा हळवा झाला आहे. हिशेब तपासणारा माधवराव मागे पडतो आणि क्षयाने झिजणारा तरुण पती पुढे येतो. त्याच्या पत्रांतून दिसणारा माणूस मला अधिक मोठा वाटतो, कारण तो आजाराशी झगडता झगडता रोजची कामे उरकीत असतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या, हे ऐतिहासिक सत्य आहे. लेखकाला ते टाळता येणार नव्हते. परंतु त्या चितेभोवती शब्दांची इतकी फुले वाहिली गेली आहेत की वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि प्रश्न मात्र येत नाही. विशीच्या आसपासची एक स्त्री जिवंतपणी अग्नीत शिरली. तिच्या मनात त्या वेळी काय होते, तिला दुसरा मार्ग खरोखर मोकळा होता काय, याविषयी तिच्या हातचा कागद आपल्यापाशी नाही. ती रिकामी जागा कादंबरीकाराने भक्तीने भरली. १९८७ साली राजस्थानातील देवराला येथे एक तरुणी चितेवर जळाली आणि हजारो लोक तिच्या जयजयकारासाठी जमले, तेव्हा अशा भक्तीची किंमत काय असते ते देशाने पाहिले. 'स्वामी'मुळे कोणी सती गेले, असा आरोप मी करीत नाही. तो अन्यायाचा होईल. एवढेच म्हणतो की मौन पाळणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी संमती घालताना लेखणीने थरथरले पाहिजे.

याउलट ना. सं. इनामदार यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. त्यांनी नायक निवडले तेच मुळी समाजाने टाकून दिलेले. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'मध्ये औरंगजेब. पूजा करण्याची सोय नसलेल्या माणसाला समजून घेणे हे कादंबरीचे खरे काम आहे. 'राऊ'मध्येही बाजीराव-मस्तानी यांच्या कथेतून पुण्यातील कर्मठपणाचा जो जाब त्यांनी विचारला आहे, तो आजही ताजा वाटतो. मात्र मस्तानीविषयी विश्वसनीय कागद इतके थोडे आहेत की त्या कादंबरीतील मस्तानी ही इनामदारांची मस्तानी आहे, हे वाचकाने विसरू नये. २०१५ साली याच कादंबरीवर आधारलेल्या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखविल्या गेल्या. कल्पनेवर दुसऱ्याने केलेली कल्पना कोठवर जाते, याचा तो नमुना होता.

संभाजीराजांचे ऋण

कादंबरी इतिहासाची सेवा कशी करू शकते आणि तीच सेवा पुढे ओझे कशी होते, हे दोन्ही पाहायचे असेल तर संभाजीराजांच्या चरित्राचा प्रवास पाहावा.

दीर्घकाळ मराठी माणसाच्या मनात संभाजी म्हणजे व्यसनी, रंगेल आणि अविचारी राजपुत्र असे चित्र होते. त्या चित्राचा एक मोठा उगम मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. शिवाय बखरकार हा बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज आणि बाळाजी आवजींना संभाजीराजांनीच १६८१ साली देहदंड दिलेला. न्यायालयात अशा साक्षीदाराची साक्ष ऐकून घेतली जाते, पण केवळ तिच्यावर निकाल दिला जात नाही. येथे मात्र नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी तीवरच निकाल दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या घेतल्या.

वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशके कागद गोळा करून १९६० साली 'छत्रपती संभाजी महाराज' हे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. या दोन ग्रंथांनी एका राजाला मृत्यूनंतर पावणेतीनशे वर्षांनी न्याय दिला. परंतु हे ग्रंथ किती लोकांनी वाचले? शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ साली आली आणि संशोधकांचा तो निकाल लाखो घरांत पोहोचला. हे सावंतांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता उणेपणही सांगतो. 'छावा'तील नायकाला दोष उरलेला नाही. पूर्वीच्या चित्रात जितका काळा रंग होता तितकाच येथे सोनेरी रंग आहे. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. बाप आणि मुलगा यांच्यातील हा दुरावा मराठेशाहीच्या इतिहासातील सर्वांत वेदनामय प्रसंग आहे. कागद येथे फारसे बोलत नाहीत. खऱ्या कादंबरीकाराची गरज असेल तर ती अशाच ठिकाणी. परंतु तेथेच ही कादंबरी नायकाच्या वकिलीची घाई करते, असे मला वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. संगमेश्वरी राजांना पकडून देण्यात शिर्क्यांची फितुरी होती, असे चित्रपटात दाखविल्याबद्दल शिर्के घराण्यातील आजच्या लोकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. त्या फितुरीला समकालीन पुरावा कितपत आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरी गोष्ट हसावे की रडावे अशी. बुऱ्हाणपूरची लूट पडद्यावर पाहून मध्य प्रदेशातील असीरगड किल्ल्याजवळ लोक रात्री विजेऱ्या घेऊन सोन्याच्या मोहरांसाठी शेते खणू लागले. कल्पित कथेवरचा विश्वास याहून अधिक शब्दशः कोणी दाखविला नसेल! परंतु शेत खणणाऱ्याचे फार तर शेत बिघडते. तीनशे वर्षांपूर्वीच्या संशयाने आजच्या एखाद्या आडनावाला डाग लावणाऱ्याचे काय? मृताला उत्तर देता येत नाही, पण त्याच्या नातवंड-पतवंडांना मान खाली घालावी लागते.

पानिपत : दोन पुस्तके, एक रणभूमी

विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ साली आली. माझ्या मते गेल्या काही दशकांतील मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत ती सर्वांत इतिहासनिष्ठ आहे. तिच्यात वीरश्री आहे, क्वचित ती अतीही होते. परंतु लेखकाने धान्याचा भाव पाहिला, थकलेले पगार पाहिले, सैन्यासोबत गेलेल्या यात्रेकरूंचा आणि बायकापोरांचा भार पाहिला, उपाशी जनावरे पाहिली. १४ जानेवारी १७६१ चा पराभव हा एका दिवसात झाला नव्हता. तो कित्येक आठवडे पोटातून वर चढत आला होता, हे वाचकाला जाणवते.

आता त्याच फळीवरचे दुसरे पुस्तक काढा. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतावरील ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आला आणि नंतर मराठीत. शेजवलकर प्रत्यक्ष रणभूमी पाहून आलेले, स्वभावाने फटकळ, कोणाचीही भीड न ठेवणारे. त्यांच्या ग्रंथात काशीराजाची साक्ष आहे. हा मराठी पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाई त्याने शत्रूच्या गोटातून पाहिली आणि सुमारे वीस वर्षांनी ती फारसीत लिहिली. त्याचे म्हणणे कोठे स्वीकारायचे आणि कोठे नाही, याची शेजवलकर जी झडती घेतात ती एखाद्या रहस्यकथेइतकी रंगतदार आहे. मला कोणी विचारले तर मी सांगतो, आधी पाटील वाचा आणि लगेच शेजवलकर वाचा. पहिले पुस्तक तुम्हाला रडवील, दुसरे तुम्हाला विचारात पाडील. दोन्ही अनुभव घेतल्याशिवाय पानिपत पुरते कळत नाही.

इतिहासकारांविषयी दोन शब्द

येथवर कादंबरीकारांना टोकले. आता इतिहासकारांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. आमचे पुष्कळसे इतिहासग्रंथ दहा-वीस अभ्यासकांसाठी लिहिलेले असतात. नकाशा नसतो, असला तर वाचता येत नाही. सूची नसते. एका तिथीच्या वादासाठी पन्नास पृष्ठे खर्ची पडतात आणि त्या काळी कुणबी काय खात होता, शेतसारा कसा भरत होता, याला पाच ओळी मिळत नाहीत. पूर्वपक्षाचे खंडन करताना वापरलेली भाषा कधी कधी भांडणाची असते. सामान्य वाचक दाराशी येतो, आत वाद चाललेला ऐकतो आणि परत कादंबरीच्या घरी जातो. त्याला दोष कसा द्यावा?

नरहर कुरुंदकर यांचे या बाबतीत मला फार कौतुक वाटते. 'श्रीमान योगी'ला त्यांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना हा स्वतंत्र इतिहासनिबंधच आहे. पुढच्या पृष्ठांवर भावनेचा पूर येणार हे ठाऊक असताना त्यांनी वाचकाच्या हाती आधीच तर्काची काठी दिली. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीला अशी प्रस्तावना लाभती तर या लेखाचे प्रयोजनच उरले नसते. बाबासाहेब पुरंदऱ्यांचे 'राजा शिवछत्रपती' मात्र मी नेहमी पोवाडा म्हणून वाचतो. त्यांनी स्वतः शाहीर हीच पदवी मिरविली. आपणच त्यांच्या ग्रंथाला नको तेथे पुरावा म्हणून उभे करतो.

मान्झोनीची साक्ष

हा पेच केवळ मराठीचा नाही. इटालियन भाषेतील सर्वश्रेष्ठ ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा आलेस्सांद्रो मान्झोनी याच पेचात सापडला होता आणि त्याने त्याविषयी जे केले ते आपल्याला मार्गदर्शक आहे. 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही त्याची कादंबरी प्रथम १८२७ साली प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातील, स्पेनच्या सत्तेखालील लोंबार्दी प्रांतातील दोन गरीब वाग्दत्त तरुण-तरुणींची ही कथा. तिच्यात कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओसारख्या ऐतिहासिक व्यक्ती येतात आणि १६३० ची मिलानची भीषण प्लेगची साथही येते. नायक राजा नाही, रेशमाच्या कामावर पोट भरणारा कारागीर आहे, हे विशेष.

त्या साथीत मिलानमध्ये अफवा उठली की काही दुष्ट लोक भिंतींना विषारी मलम लावून रोग पसरवीत आहेत. ग्वील्येल्मो पियात्सा आणि जानजाकोमो मोरा नावाचा न्हावी यांना पकडण्यात आले. छळाखाली त्यांनी नसलेला गुन्हा कबूल केला आणि त्यांना क्रूरपणे ठार मारण्यात आले. न्हाव्याचे घर पाडून तेथे त्याच्या अपकीर्तीचा स्तंभ उभारला गेला. तो १७७८ पर्यंत उभा होता. मान्झोनीने हे प्रकरण कादंबरीत मिसळले नाही. न्यायालयाचे कागद तपासून त्याने वेगळा इतिहासनिबंध लिहिला आणि तो आपल्या सुधारित कादंबरीच्या शेवटी, १८४२ साली, स्वतंत्रपणे जोडला. निरपराध माणसांना न्याय द्यायचा असेल तर तेथे कल्पनेचा एक थेंबही चालणार नाही, हे त्याने ओळखले होते. १८५० साली तर त्याने ऐतिहासिक कादंबरीवर प्रबंध प्रसिद्ध केला आणि तीत सत्य वेगळे दाखविले तर कलेची एकता भंगते, न दाखविले तर वाचकाची फसवणूक होते, असा निष्कर्ष काढला.

मी मान्झोनीइतका निराश नाही. परंतु त्याने आखलेली मर्यादा मला पटते. जेथे कोणाच्या अब्रूचा, अपराधाचा किंवा संमतीचा प्रश्न आहे, तेथे कादंबरीकाराने हात आखडावा आणि कागदाला बोलू द्यावे.

आपल्या अंगणातील रिकामी पाने

ही मर्यादा आपल्या स्वतःच्या इतिहासालाही लावून पाहिली पाहिजे. १६८३ साली संभाजीराजांनी गोव्यावर स्वारी केली. जुवे बेट मराठ्यांच्या हाती पडले आणि व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने आपली राजदंडाची काठी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या हाती ठेवून शहर वाचविण्याची प्रार्थना केली. मराठे परतले. गोव्याच्या परंपरेत ही संताने केलेली सुटका आहे; मराठी ग्रंथांत ती शहाआलमची मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे हातची गेलेली विजयाची संधी आहे. प्रार्थना झाली हेही खरे आणि मोगल फौज आली हेही खरे. पांडुरंग पिसुर्लेकर या गोमंतकीय संशोधकाने लिस्बन आणि गोवा येथील पोर्तुगीज कागद मराठी कागदांशेजारी ठेवून वाचले आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ सिद्ध केला. दोन्ही बाजूंची भाषा जाणणारा माणूस काय करू शकतो, याचा तो आदर्श आहे.

वसईच्या बाबतीतही हेच करायला हवे. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली. दोन वर्षांची ही मोहीम, सान सेबास्तियन बुरुजाखालील सुरुंग, मराठ्यांची झालेली प्रचंड प्राणहानी हे सर्व पेशवे दफ्तराच्या खंडांत पत्रांतून वाचायला मिळते. लोकप्रिय कथनात मात्र दोनच चित्रे दिसतात. एका चित्रात धर्मच्छळातून मुक्ती देणारा वीर आहे, पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठविण्याची गोष्ट आहे. या गोष्टीची चाल कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या गोष्टीसारखीच आहे, म्हणून मी ती जपून वाचतो. दुसऱ्या चित्रात, आपल्या काही घरांत सांगितल्या जाणाऱ्या, केवळ पाडलेली ख्रिस्तमंदिरे आणि नेलेल्या घंटा आहेत. घंटा गेल्या हे खरे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. एकीवर १७२१ आणि दुसरीवर १७०७ हे साल कोरलेले आहे. इन्क्विझिशनचा जाच आणि देवळांचा विध्वंस झाला हेही तितकेच खरे आहे आणि ते मान्य करताना आपण संकोचू नये.

परंतु या दोन्ही चित्रांत एक माणूस नाही. तो म्हणजे येथेच राहिलेला ख्रिस्ती शेतकरी, कोळी आणि बागायतदार. पोर्तुगीज सरदार गोव्याकडे निघून गेले. याने आपली वाडी, आपली विहीर आणि आपली श्रद्धा यांपैकी काहीच सोडले नाही. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकेतिल द्युपेरॉन या फ्रेंच विद्वानाने मराठी अमलाखालील ठाण्यात हजारो ख्रिस्ती लोकांना एतद्देशीय धर्मगुरूंसह मोकळेपणाने सण साजरा करताना पाहिले. ही साक्ष पहिल्या चित्रात बसत नाही आणि दुसऱ्यातही बसत नाही. म्हणूनच ती मोलाची आहे.

या माणसावर कोणीतरी कादंबरी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु त्याआधी त्याचे कागद वाचले जावेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांच्या नोंदी ठेवण्याचा नियम केला, स्नानसंस्कारांच्या नोंदीही जपल्या जाऊ लागल्या. आपल्या धर्मग्रामांतील नोंदवह्या त्याच शिस्तीतून आलेल्या आहेत. त्या वह्यांत नावे आहेत, वाड्या आहेत, साक्षीदार आहेत, साथीच्या वर्षी एका आठवड्यात भरलेली मृत्यूची पाने आहेत. त्यांत एकही विशेषण नाही. शाई फिकट होत चालली आहे आणि पावसाळी हवेने कडा झडत आहेत. राजवाड्यांनी माळ्यावरचे रुमाल सोडविले तसे हे काम कोणीतरी हाती घेतले पाहिजे. ते तरुण वाचकांनी घ्यावे. पोर्तुगीज आणि मोडी या दोन्हींची थोडी ओळख करून घ्यावी.

तात्पर्य, ऐतिहासिक कादंबरी जरूर वाचावी, आनंदाने वाचावी. मात्र एखादे वाक्य मनात घर करू लागले की विचारावे, हे कोणी, केव्हा आणि कशावरून सांगितले? ज्याच्याविषयी सांगितले त्याला बोलण्याची संधी मिळाली होती काय? या प्रश्नांची उत्तरे कादंबरीत मिळत नाहीत; त्यासाठी शेजारच्या फळीवरील ताठ खंडाला हात लावावा लागतो. वाचनालयातील त्या खंडांची बांधणीही एकदा सैल झालेली पाहावी, एवढीच या वाचकाची अपेक्षा आहे.